नऊ नंबरचा झेंडा

नाल्यापाशी वाट फुटत होती. सरळ गेलं तर पाण्यावर सागाचे दोन ओंडके आडवे टाकलेले, वरून शेवाळलेले. उजवीकडून एक पायवाट लांब वळसा घेऊन कोरड्या रेतीतून पलीकडे चढत होती. देवरावभाऊ ओंडक्यांपाशी थांबले आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिले. मला वाटलं, पाय घसरेल म्हणून भीत असतील.

"पाहा बाई," ते म्हणाले, "शेवटचा होल असा पाहिजे. ज्याच्या अंगात दम आहे तो सरळ जाईन. ज्याले भेव वाटते तो फिरून जाईन, त्याले थोडा भुर्दंड. पण वाट कोणाचीच बंद नाई केली."

मी म्हटलं, भाऊ, आपण पोरीला भेटायला चाललो आहोत, होल पाहायला नाही. आणि वळशाच्या वाटेला लागले, कारण माझे गुडघे आता ओंडक्यांचे राहिले नाहीत. ते ओंडक्यांवरून आले आणि माझ्या आधी पलीकडे जाऊन उभे राहिले.

सकाळपासून हेच चाललं होतं. धानोऱ्याहून निघालेल्या जीपनं आम्हाला फाट्यावर सोडलं होतं. गाव आत जंगलात, आणि त्या दिवशी आत जाणारं काही वाहन नव्हतं. मोहफुलं पडायचे दिवस. बाया टोपल्या घेऊन झाडांखाली वाकलेल्या होत्या. त्यातल्या एकीनं विचारलं, म्हातारा-म्हातारी उन्हाचे कुठी चालले? भाऊंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मीच सांगितलं की रंजीताकडे, अंगणवाडीवालीकडे. रंजीता ही भाऊंची मेहुणी. त्यांची मुलगी संघप्रिया दिवाळीपासून तिच्याकडे राहत होती, गावच्या ग्रामसभेच्या गोदामात मोहफुलं आणि हिरडा मोजायला मदत करत होती, आणि बापाचा फोन उचलत नव्हती. तिनं एकदा तोंडानं बोलावं, एवढ्यासाठी भाऊ इतक्या लांब आले होते. मला गडचिरोलीला बहिणीकडे जायचंच होतं, म्हणून मला बरोबर घेतलं. कांता, त्यांची बायको, आली नाही. ती म्हणाली, तुमी एकट्यानं धाडली, एकट्यानं आणा.

पण पोरीचं नाव भाऊंच्या तोंडून सकाळपासून एकदाही निघालं नव्हतं. निघत होता तो नऊ नंबर.

कोरपन्याकडे एक सिमेंटचा कारखाना आहे, त्याच्या कॉलनीत आम्ही राहतो. माझे यजमान तिथे इलेक्ट्रिशियन होते, मी कॉलनीची बालवाडी चालवत होते. चुनखडी काढून संपलेल्या खदानीवर माती टाकून कंपनीनं साहेबलोकांसाठी गोल्फचं मैदान केलेलं आहे, नऊ होलांचं. देवरावभाऊ तिथले हेड माळी. त्यांचे वडील त्याच खदानीत घण मारत होते. भाऊ पोरवयात गवत कापायला लागले आणि तिथेच पिकले. अंगानं वाळकं माणूस, बोटं सांध्यात वाकडी झालेली, पण टोपी रोज धुतलेली.

त्या मैदानाचा शेवटचा होल, म्हणजे नऊ नंबर, एका खदानीच्या इंजिनिअरनं आखला होता. त्याला खेळण्यापेक्षा बसायची हौस जास्त होती, असं भाऊ म्हणत. म्हणून त्यानं क्लबचा व्हरांडा आधी बांधला आणि व्हरांड्यासमोर होल. खदानीचा एक कोपरा पाण्यानं भरलेला होता, तोच तळं म्हणून ठेवला. तळ्याच्या पलीकडे ग्रीन, म्हणजे ती बारीक कापलेली हिरवळ, जिच्यात भोक असतं आणि भोकात झेंडा. हिरवळीच्या मागे लगेच व्हरांडा. हिरवळीचा उतार व्हरांड्याकडून तळ्याकडे. बॉल जरा कमी पडला की उलटा घरंगळत पाण्यात. तळ्याला डावीकडून वळसा घालून जाता येतं, पण मग एक फटका जास्त लागतो, आणि व्हरांड्यात बसलेले लोक वळसा घालणाऱ्याला बाईमाणूस म्हणतात.

तिथे एक रिवाज आहे. खेळणाऱ्याचा बॉल पाण्यात पडला की व्हरांड्यातली पितळेची घंटा वाजवायची. विनोद नावाचा बेअरा ती वाजवतो. घंटा वाजली की ज्याचा बॉल बुडाला त्याच्या नावावर सगळ्यांना कांदाभजी. ती घंटा चंद्रपूरला महाकालीच्या देवळाबाहेरच्या दुकानातून आणलेली आहे. मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझे हात आपोआप जोडले गेले होते, आणि मग समोर एक लठ्ठ साहेब लालबुंद होऊन उभा दिसला आणि बाकीचे हसत होते. त्यानंतर मी तिकडून जायचं टाळलं.

भाऊंना हे सगळं कळत होतं. त्यांना शिकवलं होतं क्लबच्या जुन्या सेक्रेटरी साहेबांनी. ते फौजेतून आलेले होते, त्यांनी जगभरची मैदानं पाहिलेली होती, आणि संध्याकाळी भाऊंना शेजारी बसवून समजावत. शेवटचा होल चांगला कोणता? ज्याच्यावर पुढे असलेलाही हरू शकतो आणि मागे असलेलाही जिंकू शकतो, पण दोघांनाही विचार करायला जागा असते. वाईट कोणता? जो खेळणाऱ्यासाठी नसून बघणाऱ्यासाठी असतो. हे साहेबांचं बोलणं भाऊ पाठ म्हणावं तसं म्हणत. साहेब निवृत्त होऊन गेले, नऊ नंबर होता तसाच राहिला.

"पण झेंडा माह्या हातात होता," भाऊ मला चालता चालता म्हणाले.

हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं यातच आहे. गोल्फमध्ये भोक रोज एकाच जागी नसतं. रोज सकाळी माळी एक पाइपासारखं हत्यार हिरवळीत दाबून नवीन भोक पाडतो, जुनं मातीनं बुजवतो आणि झेंडा नव्या जागी लावतो. नऊ नंबरवर झेंडा मागे डाव्या बाजूला लावला तर होल सुसह्य होतो. वळसा घालून येणाऱ्यालाही भोक जवळ पडतं. तोच झेंडा पुढे उजव्या टोकाला, पाण्याच्या काठावर लावला की त्याच्याकडे मारणारा दहातला एखादाच वाचतो. जागा ठरवायची ती हेड माळ्यानं. शनिवारी संध्याकाळी मोठमोठे साहेब भाऊंना गोड बोलून विचारत, उद्या झेंडा कुठे? भाऊ सांगत नसत. एकानं बाटली दिली, ती त्यांनी तशीच नेऊन विनोदच्या टेबलावर सगळ्यांसमोर ठेवली.

"कोणाच्या फायद्यासाठी मी झेंडा कधी लावला नाई," ते म्हणाले.

तोट्याबद्दल ते बोलले नाहीत, पण मला माहीत होतं. अकाउंटच्या एका साहेबानं कांताला, ती तिथे पाला झाडायची तेव्हा, चारचौघांत घाण शिवी दिली होती. पुढच्या रविवारी झेंडा पाण्याच्या काठावर. त्या साहेबाचे बॉल एकामागून एक बुडत गेले, घंटा वाजत राहिली, शेवटी त्यानं बॉल मारायची काठी गुडघ्यावर मोडली. भाऊ तिथेच, हिरवळीच्या कडेच्या वाळूच्या खड्ड्यात, दाताळ्यानं वाळू सारखी करत होते, मान खाली घालून. ही गोष्ट ते दरवर्षी सांगत आणि सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. कांता हसत नसे. ती म्हणायची, शिवी मले दिली होती, मले कोनी विचारलं का?

संघप्रिया त्यांची एकुलती एक. माझ्या बालवाडीत होती तेव्हा काठीनं चिंचोके मारायची. सहावी-सातवीत भाऊंनी तिच्या हातात साहेबांनी टाकून दिलेली एक काठी दिली. साहेबलोक गेले की अंधार पडेपर्यंत ती मारायची. भाऊ नऊ नंबरच्या हिरवळीवर, पुढे उजव्या टोकाला, डालड्याचा रिकामा डबा ठेवत आणि तिला तळ्याच्या अलीकडे उभी करत. बॉल डब्याजवळ थांबला की जेवण. नाही थांबला तर नाही. थंडीत तिचे बूट भिजलेले असत, ती अनवाणी उभी राहायची. एकदा मी तिकडून येताना पाहिलं आणि म्हटलं, भाऊ, लेकरू आहे. ते म्हणाले, तळ्याले समजते काय ते लेकरू आहे म्हणून. मी कांताला सांगितलं. कांता म्हणाली, मी तिची भाकर लपवून ठेवते बाई, पण ती खातच नाई, म्हणते बाबांनी अजून हो म्हटलं नाई.

गेल्या दिवाळीच्या आधी कंपनीनं ठरवलं की कॉलनीतल्या एका मुलीला गोल्फ शिकायला नागपूरला पाठवायचं; राहणं, शाळा, सगळं कंपनीकडून. शेवटी दोघी उरल्या. एक संघप्रिया आणि एक साक्षी, मिल मॅनेजरांची मुलगी. साक्षीही माझ्याच बालवाडीतली, शहाणी पोर, तिचा यात काही दोष नाही. दोघींचा एक सामना व्हायचा होता, नऊ होलांचा; कमी फटक्यांत संपवेल ती जिंकणार.

आदल्या दिवशी विनोद व्हरांड्यातून मोठ्यानं म्हणाला, "देवरावभाऊ, उद्या झेंडा कायले गाडता, पोरीच्या हातातच देऊन द्या ना." सगळे हसले. एका साहेबाची बायको म्हणाली, हो ना, आता घरचंच काम आहे. नवे सेक्रेटरी मात्र हसले नाहीत. त्यांनी भाऊंना बाजूला घेऊन समजुतीनं सांगितलं की वाटल्यास उद्या भोक दुसरा माळी पाडेल, तुम्हाला त्रास नको. भाऊंना त्या हसण्यापेक्षा हे लागलं. ते म्हणाले, मी आहे तोवर नऊ नंबरवर दुसऱ्या कोणाचा हात लागणार नाही.

सकाळी लोकांनी पाहिलं तर झेंडा पुढे उजवीकडे, पाण्याला टेकून. भाऊंकडे बोट दाखवायला विनोदला की साक्षीच्या वडिलांना, कोणालाच जागा राहिली नव्हती, आणि भाऊ ताठ मानेनं फिरत होते.

मी आणि कांता व्हरांड्याच्या पायरीशी उभ्या होतो. नवव्या होलाला दोघी आल्या तेव्हा संघप्रिया दोन फटक्यांनी पुढे होती. साक्षी आधी खेळली. तिनं झेंड्याकडे पाहिलंसुद्धा नाही, डावीकडून वळसा घेतला आणि पाच फटक्यांत होल संपवला. म्हणजे संघप्रियाला सहा लागले असते तरी तीच जिंकत होती. तीही डावीकडून जाऊ शकत होती. पहिला फटका तिनं छान मारला, तळ्याच्या अलीकडे आली. मग तिनं झेंडा पाहिला. मग बापाला शोधलं. भाऊ वाळूच्या खड्ड्यापाशी दाताळं घेऊन उभे होते, मान खाली. पोर हसली. मी तिचं हसणं पाहिलं आणि मला वाटलं, जिंकली.

तिनं सरळ झेंड्यावर मारला. बॉल हिरवळीच्या कडेला टेकला, क्षणभर थांबला आणि उलटा घरंगळत पाण्यात गेला. विनोदनं घंटा वाजवली. लहान मुलींचा सामना आहे हे त्याला कळत होतं, पण हाताला सवय. कोणीतरी म्हणालं, भजी मागवा. बॉल बुडाला की एका फटक्याचा दंड लागतो आणि दुसरा बॉल मारायचा असतो. अजूनही डावीकडून जाऊन वाचायला जागा होती. तिनं दुसराही सरळ झेंड्यावर मारला. घंटा. तिसराही तिथेच. तिसऱ्यांदा घंटा वाजली तेव्हा व्हरांड्यातले दोघंतिघं तालावर टाळ्या पिटत होते. कांता खाली बसली. भाऊ वाळू सारखी करत राहिले.

रात्रीचं जेवण कांतानं वाढायला घेतलं, तेवढ्यात भाऊ बाहेरून आले. पँट मांडीपर्यंत ओली. ते तळ्यात उतरले होते. संघप्रिया आपल्या बॉलवर नेलपॉलिशचा लाल ठिपका करायची. ते तिन्ही बॉल त्यांनी शोधून आणले होते आणि चिखलासकट तिच्या ताटात ठेवले. म्हणाले, हेच खा. व्हरांड्यासाठी नाचणाऱ्या पोरीले मी भाकर घालत नाई. हे मला कांतानं सांगितलं. पोर रडली नाही म्हणे. ताट उचलून मोरीत ठेवलं, आणि सकाळच्या बसनं मावशीकडे निघून गेली. साक्षी नागपूरला गेली. तिला तिथलं जेवण मानवलं नाही, महिन्याभरात ती परत आली. ती जागा कंपनीनं पुन्हा कोणाला दिली नाही.

नाला मागे पडला, बांबूचं रान लागलं, आणि भाऊंनी पुन्हा सुरू केलं. त्यांचं म्हणणं असं, की त्या दिवशी झेंडा कठीण होता पण होल वाईट नव्हता. डावीकडची वाट मोकळी होती. ज्याच्याजवळ दोन फटके शिल्लक आहेत त्यानं झेंड्याकडे पाहायचंच नसतं. साक्षीला हे कळलं. त्यांच्या पोरीला, रोज गवत तुडवणाऱ्या पोरीला, कळलं नाही. तिला व्हरांड्याला दाखवायचं होतं. टाळ्या पाहिजे होत्या.

संघप्रियानं संक्रांतीला मला फोनवर एक गोष्ट सांगितली होती आणि घरी सांगू नका म्हटलं होतं. मी सांगणार नव्हते. पण भाऊ तिसऱ्यांदा टाळ्या म्हणाले, आणि माझ्यानं राहवलं नाही.

"भाऊ, तिनं व्हरांड्याकडे पाहिलंच नाही," मी म्हटलं. "झेंडा डब्याच्या जागी होता. तिला वाटलं, बाबांनी माझ्यासाठीच लावला. साऱ्या जगात तो फटका मलाच येतो, म्हणून लावला. डावीकडून गेले असते तर बाबांचा मान मोडल्यासारखं झालं असतं, असं म्हणत होती."

ते चालत राहिले. मग त्यांनी विचारलं, तिन्ही वेळा तेच वाटलं काय? मी म्हटलं, पहिला बुडाला तेव्हा तिला वाटलं, बाबांना आणखी एक दाखवते.

"मी तं तिच्यासाठी डावीकडे सोडलं होतं," ते म्हणाले. "समदी डावी बाजू मोकळी करून ठेवली होती. पहाटीच रोलर फिरवला होता तिथी." थोडं चालून पुन्हा म्हणाले, "तिले सांगाले पाहिजे होतं काय?"

इतकी वर्षं डबा ठेवला आणि त्या दिवशी त्याच जागी भोक पाडलं. पोरीनं दुसरं काय समजायचं? लोक काय म्हणतील याचा हिशेब त्यांनी आदल्या रात्री पुरा केला होता. पोर काय समजेल, हा विचार त्यांच्या मनाला शिवलाच नव्हता.

यानंतर त्यांनी नऊ नंबरचं नाव काढलं नाही. माझ्या पुढे चालत होते ते मागे पडले. मी दोनदा थांबून पाणी दिलं, ते घेतलं नाही. तोंडातल्या तोंडात काही बोलत होते. मला वाटलं, पोरीशी काय बोलायचं त्याची जुळवाजुळव चालली असेल, चुकलो म्हणायला जड जात असेल. मी मनातल्या मनात देवीला म्हटलं, बाई, याच्या तोंडून तो एक शब्द निघू दे.

गाव दिसलं. अंगणवाडीचा निळा दरवाजा, त्याच्या बाजूला गोदामाची टिनाची शेड. शेडसमोर मोहफुलं वाळत घातलेली, आणि त्यांच्यात पाठमोरी वाकलेली एक मुलगी दाताळ्यानं ती सारखी करत होती. मी लांबूनच ओळखली. बारीक झाली होती. भाऊही ओळखून जागीच उभे राहिले. मी म्हटलं, चला. ते हलले नाहीत. धुतलेली टोपी काढून त्यांनी हातात घेतली.

"बाई, तुमी पुढे व्हा," ते म्हणाले. "तिले म्हणजा, त्या दिवशी झेंडा मी माह्या मनानं नाई लावला. म्हणजा सेक्रेटरी साहेबानं जबरदस्ती लावाले लावला, बापाच्या हातात काई नव्हतं. तुमी समोर होत्या, तुमी ऐकलं, असं म्हणजा. मी सांगन तं ती मानणार नाई. तुमी खोटं बोलत नाई हे तिले लहानपणापासून मालूम आहे."